वाचकांचे सवाल, वकिलाचे जवाब: केनियात गांजा ‘चालते’ म्हणतात, मंग पोराले पकडतील का?

गेल्या अंकात परदेशातल्या नोकरीच्या करारपत्राबद्दल लिहिलं, तेव्हा वाटलं होतं का दुबई-कतारचेच प्रश्न येतील, पण या खेपेची पत्रं पाहिली तं केनिया अन् टांझानियाचे बरेच. गुलाबाचे फार्म, बोअरवेलच्या गाड्या, हार्डवेअरची दुकानं, आपली पोरं तिकडे चालली आहेत. अन् घरच्यांच्या मनात एकच धास्ती, गांजा. म्हणून या वेळी बाकी सगळे प्रश्न मागे ठेवले, तेवढेच घेतो.

प्रश्न: वकील साहेब, माह्या पोरानं अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री केलं, मंग इकडे खतकंपनीत फिरत होता. आता त्याले केनियात नैवाशा म्हणून गाव हाय तिथं गुलाबाच्या फार्मवर सुपरवायझरची नोकरी भेटली. पगार बरा हाय, पण चार पोरं एका खोलीत राहणार. आमच्या गावातला एक जण म्हणते का तिकडे गांजा बिडीसारखा ओढतात अन् कोणी काही म्हणत नाही. मले तं झोपच नाही. माहा पोरगा नादी लागला तं काय, अन् नाही लागला पण सोबतचा ओढणारा निघाला तं काय? — एक बाप, ता. दारव्हा

उत्तर: भाऊ, तुमच्या प्रश्नाचा शेवटचा तुकडा सगळ्यात कामाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. केनियाचा कायदा १९९४ चा, नाव आपल्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यासारखंच अन् घडणही बरीचशी तशीच. त्याच्या कलम ५ मध्ये नुसतं ओढणं गुन्हा आहे असं नाही, जिथं लोक नशा करायला जमतात त्या घरात नाहीतर खोलीत वाजवी कारण नसताना सापडणं हा पण गुन्हा, आपल्या ताब्यातली जागा त्यासाठी वापरू देणं हा पण गुन्हा, अन् चिलमीसारखं ओढायचं सामान जवळ ठेवणं हा पण. शिक्षा अडीच लाख शिलिंग दंड किंवा १० वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता चार पोरांच्या खोलीत एक जण रोज संध्याकाळी मित्र जमवून बसत असेल, तं पोलीस दारात आल्यावर ‘मी तं फक्त झोपलो होतो’ हे कोर्टाला पटवून देता देता पोराची नोकरी गेलेली असते. म्हणून पहिल्याच महिन्यात असं काही दिसलं तं भांडायचं नाही, चुगली केल्यासारखंही करायचं नाही, मॅनेजरला खोली बदलून मागायची अन् ते मागणं मेसेजवर नाहीतर मेलवर लेखी ठेवायचं. कारण काहीही लिहा, झोप होत नाही लिहा, पण तारीख पडलेला कागद पाहिजे.

आता स्वतःजवळ सापडला तं. जुन्या कायद्यात स्वतःच्या ओढण्यापुरता गांजा असला तरी १० वर्षं कैद लिहिली होती. २०२२ मध्ये दुरुस्ती झाली अन् ती ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी उतरली. १ लाख शिलिंग म्हणजे आजच्या भावानं साठ-सत्तर हजार रुपये धरा. हे ऐकून बरेच जण म्हणतात ‘चला, दंड भरला का सुटला’, अन् इथंच लोक फसतात. कायद्यात लिहिलेलं आहे का हा गांजा फक्त स्वतःसाठी होता याची कोर्टाची खात्री आरोपीनं करून द्यायची. पोलिसांनी नाही, आरोपीनं. आपल्याकडे कसं आहे, गांजा १ किलोपर्यंत असला तं ‘अल्प मात्रा’, २० किलोच्या वर गेला का ‘व्यावसायिक’, म्हणजे तराजू बोलते. आपल्या भागात ज्याच्या घरी कधी अशी केस झाली त्याला हे किलोचे आकडे पाठ असतात, अन् तो तेच डोकं घेऊन विमानात बसते. केनियात गांजाच्या बाबतीत स्वतःपुरता म्हणून असा काही किलोचा खुंटा ठोकलेला नाही. पुड्या किती होत्या, कशा बांधल्या होत्या, सोबत सुटे पैसे किती सापडले, पोरगा कोर्टात काय बोलला, यावर ठरते.

अन् स्वतःसाठी नव्हता असं ठरलं तं मंग खेळ दुसराच. तस्करीची व्याख्या तिथं लय रुंद आहे, विकणं-आणणं-नेणं तं आहेच, पण साठवणं, पोचवून देणं, अन् नुसतं ‘देणं’ पण त्यात बसते. पैसे घेतले का नाही हा मुद्दाच नाही. मित्रानं मागितली अन् दिली, हे पण शब्दशः वाचलं तं त्यात येऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर १ ते १०० ग्रॅमला कमीत कमी ३ कोटी शिलिंग दंड किंवा ३० वर्षं कैद किंवा दोन्ही, अन् १०० ग्रॅमच्या वर गेलं तं ५ कोटी शिलिंग किंवा बाजारभावाच्या तिप्पट, जे जास्त असेल ते, नाहीतर ५० वर्षं, नाहीतर दोन्ही. ३ कोटी शिलिंग म्हणजे जवळपास दोन कोटी रुपये, आपल्या इकडे दहा एकर ओलिताचं वावर विकलं तरी पुरे होत नाही. अपिलात शिक्षा कमी झाल्याची उदाहरणं आहेत, पण अपिलापर्यंत पोरगा राहणार कुठं हे तुम्हाला सांगायला नको. अन् योगायोग पाहा, नैवाशात गुलाबाचे फार्म आहेत तसं केनियातलं एक मोठं तुरुंग पण तिथंच आहे.

आता तुमच्या गावातला माणूस खोटं बोलते का? नाही, तो पाहिलेलं सांगते. केनियात व्यसनमुक्तीचं काम पाहणारी नाकाडा नावाची सरकारी संस्था आहे, तिच्या २०२२ च्या पाहणीत गांजा ओढणारे लोक पाच लाखांच्या वर निघाले होते. इथिओपियाकडून मोयाले मार्गे माल उतरते, टांझानियाच्या सीमेवरून येते, देशातही पिकते. नैरोबीत मटाटू म्हणजे तिथल्या काळीपिवळीत पण वास येते म्हणतात. पण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे अन् तरी तिथं दारू भेटते हे तुम्हाला-मला माहीत आहे, म्हणून वर्ध्यात दारू कायदेशीर झाली असं कोणी म्हणत नाही. धाड पडली तं स्थानिक माणसाच्या ओळखी असतात, जामीनदार असतात, भाषा येते. आपला पोरगा तिथं परका, वर्क परमिटवर. शिक्षा झाली तं ते परमिट सहसा राहत नाही अन् कैद भोगून झाली का माघारी पाठवतात.

एक सांगतो, राग नका मानू. पोराला गांजाबद्दल दम देऊन पाठवू नका. हा वरचा हिशोब त्याच्यासमोर मांडा, अ‍ॅग्री शिकलेला आहे, त्याला आकडे समजतात.

प्रश्न: काका, रीलवर पाहिलं का केनियात एक बाबा इलेक्शनले उभा राहिला, तो म्हणे गांजा लीगल करून चीनचं कर्ज फेडतो. खाली कमेंटमधे सगळे म्हणून राहिले का आता तिकडे लीगल झाला. खरं का? — एक विद्यार्थी, पुसद

उत्तर: बाबू, अर्धं खरं. जॉर्ज वाजाकोया नावाचे वकील, रूट्स पार्टीचे उमेदवार, ऑगस्ट २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत होते. गांजा निर्यात करून देशाचं कर्ज फेडायचं, साप पाळायचे, तरसाचे अवयव चीनला विकायचे असा त्यांचा जाहीरनामा होता, म्हणून रील चालते. मतं मोजल्यावर ते चार उमेदवारांत तिसरे आले अन् मतं अर्धा टक्का पण झाली नाहीत. निवडून आले विल्यम रुटो. कायदा जिथं होता तिथंच आहे.

त्यांच्या आधी २०१८ मध्ये किब्राचे खासदार केन ओकोथ यांनी गांजावरचा गुन्हा काढावा म्हणून विधेयकाची तयारी केली होती, पण २०१९ मध्ये कॅन्सरनं ते गेले अन् विषय तिथंच थांबला. २०२१ मध्ये रास्ताफारी पंथाचे लोक नैरोबीच्या हायकोर्टात गेले, त्यांचं म्हणणं का गांजा हा आमच्या धर्माचा भाग आहे, निदान घरात अन् देवळात तरी ओढू द्या. म्हणजे मागणी आहे, चर्चा आहे, पण मागणी म्हणजे कायदा नाही.

गोंधळ अजून एका कारणानं होते. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं २०१८ मध्ये मोठ्या माणसानं खाजगीत गांजा ओढणं हा गुन्हा राहणार नाही असा निकाल दिला होता. आपल्या इकडे ‘आफ्रिका’ म्हटलं का एकच देश वाटते. जोहान्सबर्गचा निकाल दाखवून नैरोबीच्या पोलिसासमोर उभा राहशील तं तो हसंल पण नाही.

प्रश्न: दादा, पोरगी अन् जावई मोम्बासाले असतात. मी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच चालली, नागपूरवरून शारजा अन् तिथून नैरोबी. सोबत काळा मसाला, कुरडया, मूगवड्या, जवसाची चटणी, अन् नातवाचं पोट सारखं बिघडते म्हणून वैद्याकडचं चूर्ण घेतलं. याच्यात काही अडचण? शेजारची बाई एक डबा पण देऊन रायली तिच्या भावासाठी. — एक आजी, आर्वी

उत्तर: आजी, तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, कारण गांजाचं नाव न घेता तुम्ही तीन धोके एका बॅगेत भरले.

पहिलं मसाला. आपल्या काळ्या मसाल्यात खसखस घालतात. नैरोबी सोडा, अडचण आधी शारजाला आहे. यूएईत खसखस आणायला बंदी आहे, ती अफूच्या बोंडातली म्हणून, अन् तिथले लोक ‘आमच्याकडे किराणा दुकानात भेटते’ हे ऐकत नाहीत. विमान बदलायला दोन तास थांबलात तरी तुम्ही त्यांच्या जमिनीवर आहात. २००८ मध्ये दुबईत एका ब्रिटिश माणसाच्या बुटाच्या तळाला ०.००३ ग्रॅम गांजा चिकटलेला सापडला अन् त्याला ४ वर्षांची शिक्षा सुनावली होती, जगभर गाजली होती ती बातमी. म्हणून मसाला बिना खसखशीचा नव्यानं कुटा, अन् ज्या पाट्यावर नाहीतर मिक्सरच्या भांड्यात आधी खसखस वाटली ते आधी धुऊन घ्या. सुटी खसखस तं नाहीच नाही. जवस वेगळं, पण घरगुती पुडीत बारीक दाणे पाहून कोणीही थबकते, म्हणून चटणी दुकानातली, छापील पाकिटातली न्या.

दुसरं चूर्ण, अन् हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. पोट बांधायला वैद्य जे जातीफलादि चूर्ण देतात त्याच्यात भांग असते. मूळ पाठातच आहे, वैद्यानं काही गुपचूप घातलेली नाही. आपल्याकडे भांगेच्या पानाला एनडीपीएसच्या ‘गांजा’च्या व्याख्येतून बाहेर ठेवलं, म्हणून आयुर्वेदाच्या दुकानात ते उघड भेटते. मदनानंद मोदकाचं पण तसंच. डबीवर चष्मा लावून वाचा, ‘भांग’ लिहिलेलं नसंल तं ‘विजया’ लिहिलेलं असते, ते तेच. आजकाल झोपेसाठी, सांधेदुखीसाठी विजयाचं तेल अन् गोळ्या पण विकतात, ऑनलाइन येतात, डॉक्टरची चिठ्ठी सोबत असते. ती चिठ्ठी नागपूरच्या विमानतळापर्यंत कामाची. पुढं शारजाला अन् नैरोबीला ती गांजाचीच वस्तू. नातवाच्या पोटाला ओआरएसची पाकिटं घेऊन जा अन् बाकी तिथल्या डॉक्टरला दाखवा. जाता जाता, केनियाच्या पेपरात ‘भांग’ छापलेलं दिसंल तं होळीची भांग समजू नका, ते लोक गांजालाच भांग म्हणतात.

तिसरं शेजारणीचा डबा. नाही म्हणा. वाईट वाटंल तिला, वाटू द्या. अन् नाहीच म्हणता येत नसंल तं डबा तिच्यासमोर उघडा, लाडू असतील तं एक एक फोडून पाहा, आपल्या हातानं आपल्या डब्यात भरा. आपल्याच एनडीपीएसच्या कलम ३५ मध्ये लिहिलेलं आहे का माल सापडला तं आरोपीला माहीत होतं असंच कोर्ट धरून चालते, अन् ‘मले माहीत नव्हतं’ हे आरोपीनं संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायचं. साठीच्या बाईचा चेहरा पाहून कोणी सोडत नाही, उलट माल पाठवणारे असेच चेहरे शोधतात.

प्रश्न: साहेब, कापसाले भाव नाही, सोयाबीन पावसानं गेलं, तुरीवर मर. मोबाईलवर वाचलं का रवांडा सरकारनं गांजाची शेती चालू केली अन् एकरी लय पैसा हाय. तिकडे जाऊन जमीन ठेक्यानं घेता येते का? अन् इकडे तुरीच्या ओळीत चार झाडं लावली तं कितीक शिक्षा? — एक शेतकरी, ता. उमरखेड

उत्तर: तुमचा दुसरा प्रश्न पहिले, कारण तो जास्त जवळचा आहे अन् मला वाटते खरा प्रश्न पण तोच आहे.

चार झाडं असो का चार एकर, लागवडीला आपल्या कायद्यात अल्प मात्रा-व्यावसायिक मात्रा हा भेद नाही. कलम २० मध्ये लागवडीला सरळ १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् १ लाख रुपयांपर्यंत दंड. पऱ्हाटीच्या अन् तुरीच्या आड झाडं लावायची युक्ती पोलिसांना नवी नाही, दर हंगामात बुलडाणा-यवतमाळच्या पेपरात फोटो असतातच, हिरव्या झाडांचा ढीग अन् मागं उभे कर्मचारी. मुळासकट उपटून ओली झाडं तोलतात, पंचनाम्यात माती लागलेलं वजन कितीक अन् बोंडांचं कितीक यावर वकील लोक वर्षानुवर्षं भांडतात, तोवर आरोपीच्या घरचं काय होते ते आम्ही रोज पाहतो. अजून एक, वावर ठेक्यानं नाहीतर बटईनं दिलं असंल अन् बटईदारानं लावली, तरी तुम्ही मोकळे नाही. जमीनधारकाला आपल्या जमिनीतल्या अशा लागवडीची खबर लगेच द्यावी लागते, हे कलम ४६ चं बंधन आहे. सातबारा तुमचा, म्हणजे पहिला फोन तुमच्याच घरी येणार. ठेक्याच्या कागदात एक ओळ टाकून घ्या का बेकायदेशीर पीक घेणार नाही, अन् महिन्यातून एक चक्कर मारत जा.

राग आला असंल तुम्हाला, अन् तो समजते. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं कलेक्टरकडे गांजा लावायची परवानगी मागितली होती, बाकी कोणत्याच पिकाला भाव नाही म्हणून. ती मागणी गांजाची कमी अन् भावाची जास्त होती. अन् आपल्या भागाला हे पीक परकं पण नाही, इंग्रजांच्या काळात खंडव्याकडे सरकारी परवान्यानं गांजा पिकत होता अन् तो माल मध्य प्रांतात सरकारी देखरेखीत दुकानावर विकल्या जात होता. म्हातारे लोक अजून ठेक्याच्या दुकानाच्या गोष्टी सांगतात. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली, अन् १९८५ मध्ये एनडीपीएस आला तेव्हा ते दार बंद झालं.

आता रवांडा. २०२० मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं ठरवलं अन् २०२१ मध्ये नियम निघाले, ते औषधासाठी पिकवून परदेशात विकायचे. देशातल्या माणसानं ओढणं तिथं आजही गुन्हाच आहे. अन् शेती म्हणजे आपल्यासारखी नाही, दुहेरी कुंपण, चोवीस तास कॅमेरे, टेहळणीचे मनोरे, असं सगळं करून मंग परवाना. म्हणजे ते कंपन्यांचं काम. लेसोथोनं २०१७ मध्ये, मलावीनं २०२० मध्ये असे परवाने सुरू केले, युगांडातून पण औषधी माल बाहेर गेला, पण कुठंही ‘या अन् पेरा’ असं नाही. युगांडाची गंमत सांगतो, तिथला नशाविरोधी कायदा मे २०२३ मध्ये कोर्टानं रद्द केला, कारण काय तं संसदेत पास करताना पुरेसे सदस्यच हजर नव्हते. बऱ्याच जणांनी त्याला ‘गांजा मोकळा झाला’ समजलं. संसदेनं त्याच वर्षी पुन्हा कायदा पास करून टाकला. केनियात तं लागवडीला अडीच लाख शिलिंग किंवा पिकाच्या बाजारभावाच्या तिप्पट, जे जास्त ते, किंवा २० वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कोणी एजंट रवांडात ‘गांजा फार्मचं शेअर’ विकत असंल तं पैसे देऊ नका. आपल्या देशात कायदेशीर काही पाहायचंच असंल तं उत्तराखंडनं २०१८ पासून ०.३ टक्क्यांपेक्षा कमी नशा असलेल्या धाग्याच्या भांगेला परवाने दिले, महाराष्ट्रात आपल्याला तसं लावता येत नाही.

प्रश्न: मी बोअरवेलच्या गाडीवर नैरोबीले असतो, आता कंपनी टांझानियात आरुशाले पाठवून रायली. इथं सगळे मिरा चघळतात, मी पण रात्रपाळीले चघळतो. ती गांजात येते का? — एक ड्रिलर, मूळ ता. मोर्शी

उत्तर: भाऊ, केनियात मिरा म्हणजे खाट, चघळायच्या पाल्याचं झुडूप, ती मेरू भागात उघड पिकते, विकते, सरकार तिला पीक मानते. पण नामांगाची सीमा ओलांडली का हीच जुडी गुन्हा. टांझानियाच्या २०१५ च्या कायद्यात, २०१७ च्या दुरुस्तीसकट, गांजा अन् खाट एकाच ओळीत बसवले, ५० किलोपर्यंतच्या तस्करीला ३० वर्षं अन् त्याच्यावर जन्मठेप. तस्करीत तिथं पण नेणं-आणणं येते. तुमच्या रिगच्या केबिनमध्ये, सीटखाली, टूलबॉक्समध्ये काल रात्रीचा पाला राहिला असंल तं तो सीमेच्या अलीकडेच झाडून टाका, अन् गाडीवरच्या हेल्परचं सामान पण पाहा, कारण गाडीचे कागद तुमच्या हातात असतात. सुट्टीला गावाकडे येताना मित्रांसाठी म्हणून पण आणू नका, तिच्यातलं कॅथिनोन नावाचं नशेचं द्रव्य आपल्या एनडीपीएसच्या यादीत आहे अन् आपल्या विमानतळांवर खाट पकडल्या गेली आहे. इंग्लंडनं पण २०१४ मध्ये बंद केली. रात्रपाळीला चहा प्या, दुसरं काय सांगू.

प्रश्न: समजा पकडलाच, केनियात. भाऊ तिथं, आम्ही इकडे मूल गावले. काय करायचं? — एक मोठा भाऊ, जि. चंद्रपूर

उत्तर: तिथल्या २०१० च्या घटनेचं कलम ४९ पाठ करून ठेवा. अटक झाल्यावर २४ तासांत कोर्टासमोर न्यावं लागते, सुट्टी आली तं पुढचा कोर्टाचा दिवस. गप्प राहायचा हक्क आहे, वकिलाशी बोलायचा हक्क आहे, अन् ठोस कारण नसंल तं वाजवी अटींवर जामीन द्यावा लागते. परक्या माणसाला ठोस कारण पटकन सापडते, पळून जाईल म्हणतात, पासपोर्ट जमा करून घेतात, म्हणून स्थानिक जामीनदार कोण राहील हे कंपनीशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच तारखेला होते. तिथं पहिल्या दिवशीच विचारतात, गुन्हा कबूल का नाकबूल. पोरगा घाबरलेला असते, सोबतचा कोणी सांगते ‘हो म्हण, दंड भर अन् मोकळा हो’, अन् तो हो म्हणते, आरोप स्वतःपुरत्याचा आहे का तस्करीचा हे न समजता. वकील आल्याशिवाय कबुली नाही. इंग्रजी-स्वाहिली समजत नसंल तं दुभाषा मागायचा, पैसे लागत नाहीत, घटनेतच आहे. तिथंच एखादा ‘चहापाण्याचं पाहून घेतो’ म्हणणारा भेटंल, त्याच्या नादी लागलं तं लाचेची वेगळी केस.

अन् पोलिसांना एकच वाक्य बोलायचं, माझ्या हायकमिशनला (म्हणजे आपल्या देशाच्या वकिलातीला) कळवा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नं तो हक्क आहे. नैरोबीतलं भारतीय हायकमिशन वकिलांची यादी देऊ शकते, भेटायला येऊ शकते, घरच्यांना निरोप देऊ शकते, पण सोडवून आणू शकत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही मूलवरून परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाका, तिचा नंबर येते, तो घेऊन खासदारांच्या ऑफिसात जा. त्यासाठी पासपोर्टचं पहिलं अन् शेवटचं पान, वर्क परमिट, कंपनीचं करारपत्र अन् तिथल्या मॅनेजरचा नंबर एवढं घरी झेरॉक्समध्ये पाहिजे. केनिया आपल्या ईसीआर यादीत (मजुराला जायला आधी सरकारी मंजुरी लागते त्या देशांच्या यादीत) नाही, म्हणजे दुबईला जाणाऱ्या मजुराची जशी सरकारी नोंद होते तशी तुमच्या भावाची झालेली नसणार. भाऊ टुरिस्टच्या ईटीएवर (प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीवर) जाऊन काम करत असंल तं गांजाच्या आधी तीच केस होईल, म्हणून आज रात्री फोन लावा अन् पहिले परमिटचा फोटो मागवून घ्या.